संत्र्याच्या सालींचं निळं पाणी

मी आयुष्यभर शेवाळ पाहत आले. नागपुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि त्यातही ज्याच्यावरून लोक पाय घसरून पडतात नेमकं तेच. लग्नाकार्यात कोणी विचारलं, "तुमचा विषय काय?" की मी सांगायची, आणि समोरच्याच्या तोंडावर एकदम दया यायची. नात्यातल्या एका काकांनी तर खरोखर विचारलं होतं, "मग आमच्या गच्चीवरच्या टाकीचं काही करशील का?" 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता' हे ज्याने म्हणून ठेवलंय, त्याने कुठेतरी बी.एस्सी.च्या वर्गावर नक्की शिकवलं असणार. मी पस्तिशीतच लोकांना समजावणं सोडून दिलं. विचारलं तर विचारलं तेवढंच सांगायचं आणि आपल्या कामाला लागायचं. हा माझा स्वभाव झाला आणि त्याचा मला अभिमानही होता. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात या स्वभावाचा हात आहे.

निवृत्त झाल्यावर मी शहराच्या कडेला, बेसाला फ्लॅट घेतला. आमच्या स्कीमच्या नावात 'लेक' हा शब्द आहे. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत निळंशार पाणी होतं, पाण्यावर होडी होती आणि काठावर गोरीपान माणसं कॉफी पीत बसली होती. प्रत्यक्षात तिथे एक गावतलाव आहे. काठाला बेशरमाची झुडपं, पाण्यात म्हशी, आणि फेब्रुवारी संपला की रंगाचा डबा उपडा केल्यासारखं हिरवं पाणी. बाकीच्यांना वाटलं की बिल्डरने फसवलं. मी तर ते हिरवं पाणी पाहूनच चौथ्या मजल्यावरचा तो फ्लॅट घेतला होता. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या डोक्याची काळजी करायला मंडळी घरी आली असती.

पाणी हिरवं का होतं, हे कळायला पीएचडी लागत नाही. आमच्या मागच्या भिंतीतून एक पाइप तलावात उतरतो. सेप्टिक टँक भरला की त्यातून काय वाहतं, हे वॉचमनपासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. शेवाळाला जे जे लागतं ते आम्हीच रोज सकाळी त्याला पाठवत होतो आणि संध्याकाळी गॅलरीत नाकाला रुमाल लावून 'काय हा वास!' म्हणत होतो. मीटिंगमध्ये तलावाचा विषय दर महिन्याला निघायचा, पाइपाचा एकदाही नाही.

त्या तलावात मासोळी होती. ती मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या एका बाईची. पन्नाशीची असेल, काटक, आवाज खणखणीत. ग्रामपंचायतीकडून तलाव तिच्या घराकडे कित्येक वर्षांपासून ठेक्याने आहे. नवरा गेल्यावर ती एकटीच बघते. पावसाळ्यात रोहू-कतल्याचं बीज सोडायचं, वर्षभर राखायचं, आणि उन्हाळ्यात पाणी आटून मधल्या डोहात आलं की भावाला बोलवून मोठं जाळं ओढायचं. भाऊ कळमेश्वरच्या पलीकडे राहतो; जाळं त्याच्याकडे. आमच्याकडे मृग लागला की मासोळी खायची पद्धत आहे. वर्षभर न खाणारेही त्या दिवशी चौकात रांग लावतात. तिचं सगळं वर्ष त्या चार दिवसांवर चालतं. मधल्या काळात ती गळाने किंवा छोट्या जाळ्याने चार मासे काढून बेसाच्या चौकात पाटी घेऊन बसते, आणि मी दर बुधवारी तिच्याकडून घेते. एवढीच आमची ओळख.

आता आमच्या अध्यक्षांबद्दल. निवृत्त इंजिनिअर. सकाळी ट्रॅक पँट घालून तलावाभोवती सहा फेऱ्या मारतात आणि सातवी फेरी बोलण्याची असते. त्यांचा आवडता शब्द 'नॅचरल'. दूध नॅचरल, साबण नॅचरल, आणि मागे त्यांचा रक्तदाब वाढला तोही नॅचरलच होता. सोसायटीच्या सचिवबाई त्यांच्या वरताण. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात कोण्या गावच्या बायका फळांच्या सालींचं आंबवण तळ्यात ओतत होत्या आणि तळं चकाचक होत होतं. झालं. नागपुरात संत्र्याच्या सालींना काय तोटा! काटोलहून गाडीभर संत्री घराघरांत येतात, उन्हात बसून खाल्ली जातात. फेब्रुवारीत फर्मान निघालं की साल कचऱ्यात टाकायची नाही, पार्किंगमधल्या निळ्या ड्रममध्ये टाकायची. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. तीन महिने झाकून ठेवायचं आणि रोज झाकण सैल करून आतली हवा सोडायची.

ती हवा सोडायचं काम आळीपाळीने होतं, म्हणजे कोणीच करत नव्हतं. एप्रिलमध्ये एका दुपारी एका ड्रमचं झाकण बंदुकीच्या बारासारखं उडालं आणि कोणाच्या तरी ॲक्टिव्हाचा आरसा फोडून गेलं. पार्किंगभर आंबट-गोड वास. मुंग्यांची रांग दुसऱ्या मजल्यापर्यंत. मी जिन्यावरून जाता-येता हे बघायची आणि मनात म्हणायची, हे लोक तलाव साफ करणार! दोन वर्षांत यांना ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करता आला नाही. एका घरातून तर ओल्या कचऱ्यात मुलांचे डायपर येतात आणि त्या घरच्या बाई पर्यावरण समितीवर आहेत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी माझी बेल वाजली. दारात अध्यक्ष आणि सचिवबाई, हातात पाण्याच्या बाटलीत तपकिरी आंबवण.

"मॅडम, तुम्ही या विषयातल्या ना! आम्हाला फक्त सायंटिफिक मान्यता पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. "बाकी शंभर टक्के नॅचरल आहे, साइड इफेक्टचा प्रश्नच येत नाही."

धोतराही नॅचरल आहे आणि नागाचं विषही, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या स्कीममध्ये राहायला आल्यापासून शेवाळासाठी माझी बेल कोणी वाजवली नव्हती. माझ्याकडे जुना मायक्रोस्कोप आहे. कॉलेजने भंगारात काढला तेव्हा मी तो विकत घेतला होता. तो जेवणाच्या टेबलावर मांडला, तलावाचं पाणी माझ्याकडे भरलेलं असतंच, त्यातला एक थेंब काचेवर घेतला आणि दोघांना आळीपाळीने डोळा लावायला सांगितलं.

आम्ही ज्याला शेवाळ म्हणतो ते आमच्या तलावात शेवाळ नव्हतंच. ते नील-हरित जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. बारीक गोल पेशी, शेकड्यांनी एका बुळबुळीत आवरणात गोळा होऊन राहिलेल्या. प्रत्येक पेशीत हवेचे इवलेसे फुगे असतात. त्यांच्या जोरावर त्या वर येतात, उन्हात तरंगतात आणि खालच्या सगळ्यांचं ऊन खातात. मला त्या फार हुशार वाटतात. माणसांच्या कितीतरी आधीपासून पृथ्वीवर आहेत आणि त्यांनी एकही मीटिंग घेतलेली नाही.

मग मी काचेच्या कडेला त्या तपकिरी पाण्याचा थेंब सोडला.

"आता बघा."

संत्र्याच्या सालीत तेल असतं, कडू द्रव्यं असतात, आंबवल्यावर आम्लंही तयार होतात. झाडाने तेल आणि कडवटपणा आपल्या मुरंब्यासाठी केलेला नाही. कीड, बुरशी, जंतू यांनी फळ खाऊ नये म्हणून ती झाडाची हत्यारं आहेत. तेल पेशीच्या पडद्यात शिरतं. पडदा मुळात स्निग्धच, तो तेलाला अडवणार कसा? तो सैल पडतो आणि आतलं बाहेर झिरपायला लागतं. उन्हापासून अन्न करायची पेशीतली व्यवस्थाही बिघडते, पण ऊन काही थांबत नाही. वापरता न आलेलं ते ऊन पेशीला आतूनच पोळतं. फुगे बसतात, हिरवेपणा उडतो, आणि मघापर्यंत ऐटीत तरंगणारी पेशी फिकट होऊन खाली जाते. हे सगळं मी त्यांना सांगितलं. इतक्या वर्षांनी वर्ग घेतल्यासारखं वाटलं आणि आवाज आपोआप चढला.

"फुटल्या! फुटल्या!" सचिवबाई ओरडल्या. त्यांनी मोबाइल मायक्रोस्कोपला लावून व्हिडिओ काढला. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे सायंटिफिकली प्रूव्ह झालं."

माझी अजून तीन वाक्यं बाकी होती. एक, काचेवरचा थेंब म्हणजे तलाव नव्हे. दोन, या पेशी एकदम फोडणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे, कारण काहींच्या पोटात विष असतं, ते पेशी धड असेपर्यंत बहुतेक आतच राहतं. शिवाय एवढा मेलेला माल आणि वर तुमचा गूळ पाण्यात कुजायला लागला की पाण्यातला प्राणवायू संपतो. तीन, आधी तुमचा पाइप बंद करा. पण त्या दोघांची डोकी मोबाइलमध्ये गेली होती, व्हिडिओ ग्रुपवर चढत होता. मी मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर कशाला पाणी ओता. आणि ओतणार कोण आहे? चोवीस ड्रम पार्किंगमधून तलावापर्यंत न्यायला यांची हाडं आहेत कुठे? मी काच धुतली आणि चहा टाकला. त्यांना चहा विचारलासुद्धा नाही.

बुधवारी चौकात गेले तर मासोळीवालीने पाटीवरचं ओलं फडकं बाजूला सारलं आणि मासे दाखवायच्या आधी मलाच थांबवलं.

"मॅडम, एक इचारू का जी?"

"विचार ना."

"थे संत्र्याचं पाणी तलावात टाकून राहिले म्हणते. त्यानं माह्या मासोळ्यायले काही होईन का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या इथला चौकीदार म्हणत होता. आता नवतपा लागून राहिला, पाणी सारं डोहात आलं आहे. मासोळी बी सारी तिथंच आहे."

"अगं, सालींचं तर पाणी आहे ते."

"झाडाचंच आहे, थे मले बी समजते जी. पण माह्या मायच्या गावाले नाल्यात गेळाचे फळं ठेचून टाकत. थे बी झाडाचंच. पाच मिनिटात मासोळी उलटी होये." तिने हात पदराला पुसला. "म्हणून तुमाले इचारलं. तुमी म्हणान त भावाले फोन लावते. थो जाळं घेऊन दोन दिवसात येईन अन् मी आधीच ओढून घेते. मृगाचा बाजार हुकन, पण मासोळी त हाती राहीन."

नवतपा म्हणजे मेअखेरचे नऊ भाजून काढणारे दिवस; मला ऊन लागत होतं. बाजूला एक गृहस्थ कोलंबीवरून दुसऱ्या बाईशी हुज्जत घालत होते. आणि गेळाच्या फळांचं ऐकून मला हसू आलं. आता चौकातही तोंडी परीक्षा!

"काही होत नाही," मी म्हणाले. "आणि ते ओततच नाहीत, बघ तू. बोलघेवडी माणसं आहेत ती."

"म्हणजे जाळं नको लावू ना?"

"नको."

तिने मान डोलावली आणि माझ्यासाठी एक रोहू निवडून दिला, तुकडे करून.

ते ओतणार नाहीत या माझ्या अंदाजाचं पुढे काय झालं, ते ऐका. रविवारी सकाळी साडेसातला त्यांनी ओतलं. ट्रॅक्टर-ट्रॉली आणली, ड्रम वाहायला चौकातून मजूर आणले. आळशी माणसाला पैसे देऊन दुसऱ्याची हाडं मिळतात, हा साधा हिशेब मी केलाच नव्हता. ड्रमना हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, बायकांनी हिरव्या साड्या नेसल्या होत्या आणि सगळे गॉगल लावून रांगेत उभे राहिले. एक ड्रम उलटायचा, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा, मग पुढचा. चोवीस वेळा टाळ्या. मी गॅलरीतून पाहत होते. खाली जावंसं एकदाही वाटलं नाही. त्या हिरव्या साड्यांच्या रांगेत उभी राहून मी काय सांगणार होते? आणि सांगितलं असतं तर ते माझ्यासोबत सेल्फी काढत बसले असते.

मंगळवारी दुपारनंतर पाणी बदललं. काठाकाठाने आधी पांढुरकं झालं, मग निळसर, आणि पाच वाजेपर्यंत डोहाची एक बाजू चक्क निळी दिसायला लागली, बिल्डरच्या पुस्तिकेतल्यासारखी. ग्रुपवर आनंदाला उधाण आलं. 'आपला लेक खऱ्या अर्थाने लेक झाला.' 'निसर्गच निसर्गाला बरं करतो.' अध्यक्षांनी हात जोडल्याची सहा चित्रं टाकली. कोणी सुचवलं की आता होडी आणू या.

ते निळं पाणी स्वच्छ नव्हतं. सायनोबॅक्टेरियाच्या पेशीत हिरव्या रंगाच्या जोडीला एक निळा रंग असतो, ऊन टिपायला. पेशी धड आहे तोवर तो बाहेर येत नाही. तो पाण्यात दिसला याचा अर्थ अब्जावधी पेशी एकाच वेळी फुटल्या आणि त्यांच्या पोटातलं सगळं पाण्यात सांडलं. पन्नास घरांनी रक्ताचा सडा पाहून रांगोळी म्हणून फोटो काढावेत, तसा तो प्रकार होता. त्या पन्नास घरांत याचा अर्थ कळणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे मी.

आणि मी काय केलं? बाटली घेऊन खाली गेले, काठावरचं पाणी भरलं आणि वर येऊन खिडकीतल्या उन्हासमोर धरलं. एका बाजूने निळं, आणि ऊन मागे घेऊन तिरकं पाहिलं की लालसर झाक. इतकी वर्षं मुलांना फळ्यावर सांगितलेली गोष्ट पहिल्यांदा तलावाएवढी समोर आली होती. मी त्या बाटलीकडे पाहत बसले. मला ती फार सुंदर वाटली. मासोळीवाली मला आठवली, पण जाळं यायला दोन दिवस लागतात हे तिनेच सांगितलं होतं. आता सांगून काय उपयोग, असं म्हणून मी तिच्या बाबतीतही तोंड बंदच ठेवलं.

बुधवारी सकाळी सहाला गॅलरीत आले तर डोहावर पांढरी पोटं तरंगत होती. रोहू, कतले, हाताएवढे, काही त्याहून मोठे. एवढे मासे त्या पाण्यात आहेत हे मला माहीत नव्हतं. मासोळीवाली कंबरभर पाण्यात उभी होती, लुगड्याचा काष्टा खोचलेला, आणि एकेक मासा उचलून काठावर फेकत होती. उचलायची आणि फेकायची. मधूनच एखादी मरळ पाण्यावर तोंड काढून आ वासायची आणि परत खाली जायची. तेवढ्या मरळीच जिवंत होत्या.

फेरी मारणारे लोक नाक दाबून ट्रॅकच्या त्या बाजूने जायचे टाळत होते. अध्यक्ष लांब उभे राहून म्हणाले, "नवतपा आहे ना. ऊन किती आहे! मासे टिकणार कसे?" आणि दहा वाजता सोसायटीतर्फे तिला निरोप गेला की मेलेले मासे संध्याकाळच्या आत उचलावेत, रहिवाशांना वासाचा त्रास होतो आहे. ज्यांचं सगळं पोटातलं त्या तलावात जातं त्या रहिवाशांना.

शनिवारी क्लबहाउसात तातडीची मीटिंग होती. ग्रामपंचायतीकडून विचारणा आली होती. अध्यक्षांनी एक पत्र वाचून दाखवलं, त्याचा सारांश असा, की तीव्र उष्णतेमुळे तलावातील मासे मृत झाले असून सोसायटीच्या नैसर्गिक उपक्रमाचा त्याच्याशी संबंध नाही. खाली त्यांची सही होती आणि शेजारी रिकामी जागा. तज्ज्ञ म्हणून मी तिथे सही करायची होती. एसी चालू होता. समोसे ठेवलेले होते.

मी उठले. इतकी वर्षं न बोलल्याचा सगळा साठा त्या वेळी बाहेर आला.

"ऊन महिनाभर तेवढंच आहे," मी म्हणाले. "मग मासे बुधवारीच का मेले? आणि मरळ का नाही मेली? मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेऊ शकते. रोहूला, कतल्याला ते येत नाही. म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपला, मासे गुदमरले. तुम्ही पेशी एकदम मारल्या. मेलेल्या पेशींवर आणि तुमच्या गुळावर जंतू तुटून पडले आणि त्यांनी प्राणवायू ओढून घेतला. तुम्ही ज्याचे फोटो काढलेत तो निळा रंग फुटलेल्या पेशींचा होता. शाळेत गेलेली माणसं ना तुम्ही? नैसर्गिक म्हणे! नैसर्गिक वस्तूने जीव घेता येतो हे तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही?"

"पण मॅडम," सचिवबाई म्हणाल्या, "तुम्हीच तर दाखवलं होतं मायक्रोस्कोपमधून."

"हो, दाखवलं होतं," मी म्हणाले, आणि लगेच पाइपावर आले. पाइपावर मी पंधरा मिनिटं बोलले. पाइपावर बोलताना मला कोणी अडवलं नाही, कारण कोणाची मान वर नव्हती. सही केली नाही. पत्र तिथेच टेबलावर उलटं ठेवलं आणि बाहेर पडले. उथळ पाण्याला खळखळाट फार, आज त्यात दगड पडला, असं काहीसं मनात म्हणत मी जिना उतरले. फार वर्षांनी स्वतःवर खूश होते.

त्याच खुशीत मी सरळ तलावावर गेले. मासोळीवाली काठावरच्या बाभळीखाली बसली होती. तिचा भाऊ कळमेश्वरहून आला होता, पण जाळ्याचं काम उरलं नव्हतं म्हणून दोघांनी मिळून मोठा खड्डा खणला होता आणि मासे चुना टाकून पुरले होते. भाऊ पाणी आणायला गेला होता. तिच्या हाताला अजून चुना होता. पाणी पुन्हा हिरवट व्हायला लागलं होतं. मेलेल्यांच्या खतावर नवे वाढत होते. ते होणारच होतं.

मी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. उन्हाचं पत्र कसं लिहिलं होतं, मी सही कशी नाकारली, मरळीचा मुद्दा कसा मांडला, अध्यक्ष कसे गप्प झाले. लागेल तर ग्रामपंचायतीत येऊन हेच सांगीन, लिहून देईन, असंही म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "हे सारं तुमाले कवा समजलं जी? मासोळी मेल्यावर?"

मी खोटं बोलू शकले असते. 'हो' एवढंच म्हणायचं होतं आणि तिने ते मानलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "आधीच माहीत होतं."

"मी चौकात इचारलं तवा?"

"हो."

"मंग मले काहून नाही सांगितलं? त्यायचं सोडा. थे मोठे लोकं हायेत, नसन आयकलं. मी त दोनदा इचारलं. मी जाळं लावते म्हणलं होतं."

वारा पडला होता. मी बरंच काही म्हणू शकले असते: ऊन होतं, घाई होती, ते खरंच ओततील असं वाटलं नव्हतं. ते सगळं खरंही होतं. पण त्याच्या खाली जे होतं ते मला त्या बाभळीखाली पहिल्यांदा स्पष्ट दिसलं, आणि दिसल्यावर गिळून टाकता येईना. ज्यांच्यावर मी थुंकत होते त्या सगळ्यांच्या रांगेत मी तिलाही उभं केलं होतं. अध्यक्ष, सचिवबाई, टाकी साफ करायला सांगणारे काका, आणि ही.

"मला वाटलं," मी म्हणाले, "तुला सांगून कळणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने हातावरचा वाळलेला चुना बोटाने खरवडला आणि एखाद्या मंद पोराला समजावून सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मॅडम, मले कळलं होतं. म्हणूनच त इचारलं ना जी."